धाकटीचा ड्रायव्हर

“ताई, हे भूत काय आहे?” प्रांजलनं विचारलं.

माझ्या एका हातात सोल्डरिंग गन होती, दुसऱ्या हातात चिमटा आणि चिमट्यात मुगाच्या डाळीएवढी चिप. अशा वेळी मला कुणी हाक मारलेली खपत नाही. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. प्रांजललाही होतं, कारण विचारायच्या आधी ती वर्कशॉपच्या दारात उभी राहून दोनदा खाकरली होती.

“कसलं भूत?”

“तुमच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये एक फंक्शन आहे ना, ‘भूत फेज’ नावाचं. बाकीचं सगळं लागलं मला, तेवढंच कळत नाही.”

“नाही कळत तर राहू दे.”

“पण ते कशासाठी—”

“काम चाललंय, दिसत नाही का?”

“बरं,” ती म्हणाली आणि लॅपटॉप काखेत मारून निघून गेली.

तिचं हे ‘बरं’ माझ्या फार डोक्यात जातं. तिला काहीही सांगा, ती बरं म्हणते, आणि म्हटल्यावर खरंच तसं करते. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

प्रांजल माझी धाकटी जाऊ. माझ्या दिराची, ऋतिकची बायको. मंचरकडची पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली, पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. आम्ही सगळे पिंपळवंडीला एकत्र राहतो. वर्कशॉप मात्र वारूळवाडीला, रोडला लागून. तिथं मी आणि माझा नवरा गोकुळ शेतपंपाचे डबे बनवतो. डबा म्हणजे विहिरीवर स्टार्टरच्या शेजारी बसतो तो. लाइट आली की मोबाईलवर कळवतो, म्हणाल तेव्हा मोटार चालू करतो आणि तीनपैकी एक फेज गेला की ताबडतोब बंद करतो. नाहीतर मोटार जळते. गोकुळ डबे बसवत हिंडतो. डबे तयार करायचे आणि त्यातला प्रोग्राम लिहायचा हे माझं काम. अवसरीला इंजिनियरिंग केलंय मी, इलेक्ट्रॉनिक्समधलं, कुणाच्या उपकारानं नाही.

डब्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि तो लिनक्सवर चालतो. लिनक्सचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. तो एका कंपनीचा नाही, जगभरातली माणसं मिळून उघड्यावर लिहितात. आमच्या डब्यात व्होल्टेज आणि करंट मोजणारी जी चिप आहे, तिची भाषा कर्नलला येत नव्हती. ती समजावून सांगणारा जो प्रोग्राम, तो ड्रायव्हर. तो मी लिहिला होता. एकटीनं. जुन्नर तालुक्यातल्या किती मोटारी त्यानं जळता जळता वाचवल्या असतील, मोजल्या नाहीत.

पण तो आमच्या घरचा ड्रायव्हर. कर्नलची नवी आवृत्ती आली की तो मोडायचा, मी पुन्हा सांधायची. तोच जर मूळ कर्नलमध्ये गेला तर सगळ्या जगाला मिळतो, पुढं तीच माणसं त्याची काळजी घेतात आणि लिहिणाऱ्याचं नाव त्यात कायमचं राहतं. म्हणून मी तो एकदा पाठवला होता. पाठवायचा म्हणजे मेलनं, सगळ्यांसमोर. तिथं हजारो माणसं वाचायला बसलेली असतात, कुणीही बोलावं, आणि एकदा लिहिलेलं पुसता येत नाही.

कर्नलच्या प्रत्येक भागाला एक कारभारी असतो. आमच्या भागाचा कारभारी कुठल्याशा थंड मुलखातला. दोन दिवसांत त्याचं उत्तर आलं. ड्रायव्हर चालतो का, कसा चालतो, याबद्दल अवाक्षर नाही. ओळ आत घ्यायला तुम्ही चार जागा सोडल्यात, इथं टॅब द्यायचा, तोही आठ घरांचा. ओळी लांब झाल्यात. नावात मधूनच मोठी अक्षरं का? फंक्शनचा कंस पुढच्या ओळीवर. ‘भूत’ हा कुठला शब्द? आधी आमची लिहिण्याची पद्धत वाचा, आमची तपासणारी स्क्रिप्ट चालवा आणि मग पुन्हा पाठवा, प्लीज.

ते प्लीज मला जास्त लागलं. मी स्क्रिप्ट चालवली तर इशाऱ्यांनी पडदा भरून गेला. मी लॅपटॉप मिटला. म्हटलं, गेलास उडत. माझा ड्रायव्हर विहिरीवर उन्हातान्हात चालतो आणि तू मला मोकळ्या जागा शिकवतोस? पुन्हा काही मी पाठवलं नाही.

खरं सांगायचं तर असलं मी घरातही कधी ऐकून घेतलं नाही. माझ्या सासूबाई, सरुबाई, लग्नानंतर कित्येक वर्षं मेंढरांमागं हिंडलेल्या. आता मेंढरं गेली, शेती आहे, पण मेंढवाड्यावरची शिस्त काही गेली नाही. भाकरी टोपल्यात ठेवताना पापुद्रा वरच्या अंगाला. घोंगड्याची घडी घालताना काठ आत. दावं बांधायची गाठ एकच, दुसरी चालत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा प्रत्येक गोष्टीला विचारायची, “का?”

“का म्हंजी? ह्या घरात असंच करत्यात,” त्या म्हणायच्या.

हे काय उत्तर झालं? मी अजूनही काठ बाहेर ठेवून घडी घालते. त्या येतात, उलगडतात, पुन्हा घालतात. अकरा वर्षं आमचं दोघींचं हे चाललंय, दमत कुणीच नाही.

प्रांजल आली आणि महिन्याभरात सगळं शिकली. कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, “धाकटीला कायबी सांगावं लागत न्हाई.” म्हणजे थोरलीला सांगावं लागतं, हे न बोलता कळायचं सगळ्यांना. मलाही कळायचं.

तर भुताबद्दल विचारून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, “ताई, तुमचा ड्रायव्हर मी नीट करून पाठवू का?”

“पाठव की. तुला कुणी धरलंय?”

“तसं नाही. त्यांचा नियम आहे, मूळ लिहिणाऱ्याचं नाव वर राहतं. तुमचंच नाव राहील, खाली तुमची सही. मी फक्त साफसफाई केली एवढं माझं. पण तुमची सही मी परस्पर घालू शकत नाही, तुम्ही हो म्हणायला लागेल.”

मी एक जुडी पूर्ण निवडली. मग म्हटलं, “माझं नाव घेऊन त्यांच्या दारात परत जायचं नाही. मला नको त्यांचं काही.”

“बघा हं ताई. मग मला पहिल्यापासून माझं लिहावं लागेल. तुमचं उचलून माझं नाव लावणं बरोबर नाही.”

“लिही की तुझं.”

“नक्की?”

“किती वेळा सांगू?”

“बरं,” ती म्हणाली.

मनात काय होतं ते सांगते. मनात होतं, हिला कुठं जमतंय. कंपनीत बसून पडद्यावरची बटणं रंगवणारी ही, चिपच्या पोटात शिरायचं म्हणजे काय ते कळेल. तोही कारभारी हिला असाच झापेल आणि मग माझ्या गप्प बसण्याला घरात काही किंमत येईल.

झापलं त्यानं. पहिल्या खेपेला तिलाही भरपूर बोलणी बसली. रोज संध्याकाळी कंपनीच्या कामातून मोकळी झाली की ती जेवायच्या टेबलावर चिपचं माहितीपत्रक पसरून बसायची. कारभाऱ्यानं म्हणावं, हे नाव बदला, हिनं म्हणावं, बरं, बदलते. हे दोन तुकड्यांत पाठवा, बरं. काय बदललं ते रेषेच्या खाली लिहा, वर नाही, बरं. इंग्रजीतसुद्धा तिचं ‘बरं’च चाललेलं. मी पाणी प्यायला म्हणून जायची आणि तिच्या खांद्यावरून बघायची. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, छान सुधारणा आहे. तिसऱ्या खेपेला दोनच बारीक चुका काढल्या.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ऋतिकनं तर गावभर करून ठेवलं. बायकोचा ड्रायव्हर अमेरिकेला चाललाय, असं कायतरी. बचत गटाच्या बायका घरी येऊन प्रांजलला बघून गेल्या, जशी काही ती नुकतीच नांदायला आलीय. मला म्हणाल्या, “तुमी बी तसलंच काम करता ना वो वैनी?” तसलंच! मी म्हटलं हो, तसलंच. आणि रात्री जेवताना गोकुळ, माझा नवरा, ज्याच्याबरोबर मी हे वर्कशॉप शून्यातून उभं केलं, तो म्हणतो, “प्रांजलचं जमलं वाटतं. लई नेटानं केलं पोरीनं.”

“मी काय झोपून केलं होतं?”

“तुला कोण काय म्हणलं?”

“कुणी काही म्हटलं नाही, तेच तर म्हणते मी.”

तो भाकरी चुरत राहिला. भांडण नको असलं की तो भाकरी चुरतो.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा कोड वाचायला घेतला. चूक काढायला, दुसरं काय. माझ्या ड्रायव्हरच्या वेळी जी पद्धत वाचायला माझा जीव जात होता, ती मी आता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. कुठं टॅब, कुठं जागा, कोडमधल्या टिपणाआधीची ताऱ्याची खूण कुठल्या ओळीवर हवी, सगळं. डबे बाजूला पडले, गोकुळ दोनदा विचारून गेला. आणि सापडलं काय? काही नाही. एक जागा इकडची तिकडं नव्हती. तिचा कोड तिच्या टोपल्यातल्या भाकऱ्यांसारखा, सगळ्यांचा पापुद्रा वर.

मग मी पद्धत सोडली आणि काम बघायला लागले. आणि तिथं मला दिसलं. तिनं भूत वगळलं होतं.

हे भूत काय, ते आमच्याकडच्या कुठल्याही मोटारवाल्याला विचारा. मोटार चालू असताना एक फेज गेला की त्या मेलेल्या तारेत मोटारच उलटं व्होल्टेज ढकलते. मीटर लावा, तार जिवंत दाखवते. चिपही फसते. तिच्यात फेज आहे की नाही सांगणारी एक खूण असते, ती खुशाल सांगते, आहे. करंट बघितला तर शून्य. म्हणजे तार मेलेली, नुसतं भूत उभं आहे. आणि मोटार दोन फेजवर तापत तापत जळते. माझ्या ड्रायव्हरमध्ये ते फंक्शन त्यासाठी होतं, ते आधी करंट बघायचं आणि मगच खुणेवर विश्वास ठेवायचं. माहितीपत्रकात यातलं काही लिहिलेलं नाही. प्रांजलनं माहितीपत्रकावर विश्वास ठेवला होता.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मोटारी जळतील म्हणून काळजी वगैरे नंतर सुचली. आधी आनंदच झाला.

प्रांजल तेव्हा घरी होती. फोन केला असता तर दोन वाक्यांत झालं असतं. संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी सांगितलं नाही. मी मेल लिहायला घेतला, तिला नाही, सगळ्या जगाला.

पहिला मेल परत आला. रंगीत, सजवलेला मेल तिथं चालत नाही, साधी अक्षरं लागतात. मी साधी अक्षरं केली. मग वाचलं, उत्तर वर लिहायचं नाही, ज्या ओळीबद्दल बोलायचं ती ठेवायची, तिच्या खाली लिहायचं आणि बाकीचं छाटायचं. मी छाटलं. स्वतःच्या ड्रायव्हरसाठी ज्यांच्यापुढं मान तुकवली नाही, त्यांच्या सगळ्या रीती मी त्या दुपारी निमूट पाळल्या. आणि खाली लिहिलं, हा ड्रायव्हर मेलेला फेज जिवंत सांगतो, याच्या भरवशावर मोटार चालवली तर जळेल, लिहिणाऱ्या व्यक्तीनं हे प्रत्यक्ष मोटारीवर तपासलेलं दिसत नाही. लिहिणाऱ्या व्यक्तीनं! एका घरात राहतो आम्ही, एकीच्या साडीला दुसरी फॉल लावते.

बटण दाबलं आणि गार वाटलं. चहा करून प्याले.

कारभाऱ्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मला वाटलं होतं प्रांजलला झापेल. त्यानं मला लिहिलं होतं, फार चांगलं पकडलंत, आभार. हे असं का होतं ते जरा समजावून सांगाल का? आणि प्रांजलला, पुढच्या आवृत्तीत हे घ्या.

एवढंच. माझी आग त्यांच्या रीतीत तपासणी म्हणून धरली गेली होती.

संध्याकाळी घरी गेले तर प्रांजल पीठ मळत होती. सासूबाई गोठ्यात होत्या. मी हातपाय धुऊन आत आले तरी तिनं वर बघितलं नाही.

“मी विचारलं होतं, ताई,” ती म्हणाली. “वर्कशॉपवर येऊन विचारलं होतं, हे भूत काय आहे.”

“काम चाललं होतं माझं.”

“मग नंतर सांगायचं. काल सांगायचं. सगळ्यांसमोर कशाला?” तिचे हात थांबले नाहीत, पीठ मात्र उगीच मळलं जात होतं, ते केव्हाच झालं होतं. “माझ्या कंपनीतली माणसं वाचतात ते. सकाळी माझ्या साहेबानं विचारलं, ही बाई कोण? एकच आडनाव आहे, तुमच्यातली आहे का? मी काय सांगायचं?”

“सांगायचं, थोरली जाऊ आहे.”

“सांगितलं.”

सवयीनं मी टोपलं पुढं ओढलं.

“एक विचारू का?” ती म्हणाली. “तुम्हाला माझं नाव तिथं नको आहे, की तुमचं पाहिजे?”

असं तोंडावर या घरात मला कुणी विचारलेलं नाही. सासूबाईंनीसुद्धा नाही. मी म्हटलं, “माझं पाहिजे.”

“मग मेथी निवडताना नको का म्हणालात?”

“मला वाटलं तुला जमणार नाही.”

ती पहिल्यांदा माझ्याकडं बघायला लागली. डोळे भरले होते पण रडली नाही. मला वाटलं, आता म्हणेल, घ्या ताई तुमचं नाव. तिचा स्वभावच तसा. मी मनात तयारीही केली होती, दोनदा नको म्हणायचं आणि मग घ्यायचं.

“आता मी ते बदलणार नाही,” ती म्हणाली. “मी लिहिलंय ते. एकेक ओळ मी लिहिलीय.”

बरं नाही म्हणाली ती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सासूबाई दुधाची किटली घेऊन आत आल्या, दोघींकडं बघितलं. “काय झालं गं तुमा दोघींचं?”

“काही नाही, आत्या,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

“मग पिठाचा कशाला जीव घेतेस गं? लाव भाकरी.”

भाकऱ्या झाल्यावर प्रांजल लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी आली. आत आली नाही. “ते भूत का येतं, ते नीट सांगा,” ती म्हणाली. “मला टिपण लिहायचंय. पुढच्यानं कुणी अनावश्यक समजून काढू नये.”

ते मला लागलं, कारण मी टिपण लिहिलंच नव्हतं. ज्याला कळायचं त्याला कळेल, असं माझं. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. मध्येच थांबून विचारायची, मोटार रिकामी फिरत असेल तर करंट किती? सुरू होताना पहिल्या क्षणी? चांगले प्रश्न विचारत होती, मेली. शेवटी तिनं ते वाचून दाखवलं. माझंच म्हणणं, पण मला ते तसं कधी सांगता आलं नसतं. मी म्हटलं, “ठीक आहे.” ती उठून गेली.

नवी आवृत्ती गेली. आणि कारभाऱ्याचा मेल आला तो मला. इंद्रायणी, ही आवृत्ती तुम्हाला बरोबर वाटते का? वाटत असेल तर तुमची तपासणीची ओळ द्या, म्हणजे मी घेतो. या फेरीत नाही जमलं तर पुढच्या फेरीत बघू.

त्यांच्याकडं तपासणाऱ्याची अशी एक ओळ असते. मी हे वाचलं, मला पटलं, खाली माझं नाव. ती ओळ लिहिणाऱ्याच्या सहीच्या खाली जाते. म्हणजे वर प्रांजल, खाली मी. आमच्या घरातल्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव आधी असतं, तिचं नंतर.

मी काही उत्तर दिलं नाही. पुढची फेरी, म्हणजे कर्नलची पुढची आवृत्ती, दोन-तीन महिन्यांनी. मला फक्त गप्प बसायचं होतं, दुसरं काही करायचंच नव्हतं. कामात होते म्हटलं की झालं.

घरात सगळ्यांना कळलं होतं. ऋतिकनं एकदा चहा पिता पिता तोंड उघडलं, “वैनी, तेवढी ती ओळ—” आणि प्रांजलनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढचं चहाबरोबर गिळलं. ती स्वतः एकदाही म्हणाली नाही. गोकुळही नाही. सगळे जण माझ्याभोवती असे वावरत होते, जसं काही घरात कुणाला ताप आहे. त्याचाही मला राग आला. मागा की लेको. मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं.

शुक्रवारी गोकुळ शिनोलीकडं डबा बसवायला गेला. वर्कशॉपवर मी एकटी. मी तिचा ड्रायव्हर एका डब्यात टाकला, बाकावरच्या मोटारीला जोडला आणि मोटार चालू केली. चालत्या मोटारीतून एक फेज तोडला. ड्रायव्हरनं सांगितलं, गेला. दुसरा तोडून बघितला. गेला. तिसरा. गेला. मोटार रिकामी फिरवून तोडला, भार देऊन तोडला, सुरू होता होता तोडला. मी अशी तोडत होते की शेजारच्या टायरवाल्यानं डोकावून विचारलं, लाइटीचा काही घोळ आहे का. एकदा तरी फसावा, म्हणत होते मी. फसला नाही. माझा जुना ड्रायव्हर सुरू होताना कधीमधी फसायचा, ते मला ठाऊक होतं. हा तिथंही फसला नाही. तिनं त्या रात्री विचारलेला प्रश्न उगीच विचारला नव्हता.

मी खुर्ची ओढून बसले. मी जळत होते, खोटं कशाला बोलू. अजूनही जळते. माझ्या डोक्यातली गोष्ट, माझ्या विहिरींवर शिकलेली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली लिहिलेली, दुसरीच्या नावानं. पण चालते ती. चालणाऱ्या गोष्टीला चालत नाही म्हणायचं, किंवा न म्हणता अडवून धरायचं, एवढी काही मी खालची नाही. मोटारीच्या धंद्यात आहे मी. कारभाऱ्याचा मेल उघडला. साधी अक्षरं केली. वरचं छाटलं. ज्या ओळीखाली लिहायचं तिथं लिहिलं, तपासलं, मोटारीवर चालवून बघितलं, बरोबर आहे. आणि खाली माझं पूर्ण नाव.

पाठवून दिलं आणि अर्धा राहिलेला डबा पुढं ओढला.

सोमवारी कारभाऱ्यानं ड्रायव्हर घेतला. ऋतिकनं नारायणगावहून पेढे आणले. प्रांजल सासूबाईंच्या पाया पडली, मग माझ्या पाया पडायला वाकली. “असू दे,” मी म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तरी पडली. ती आता माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी मोकळी नाही. मेथी निवडायला बसलो की मध्ये थोडी जागा असते. मीही सरकत नाही, तीही नाही.

परवा आमचे जुने गिऱ्हाईक दादाभाऊ डबा दुरुस्तीला घेऊन आले. त्यांचा पंप नदीकडेला, डब्यात पाणी गेलं होतं. मी डबा उघडला, पुसला, झाकणाची रबरी पट्टी बदलली. गोकुळ पलीकडं वायर सोलत बसला होता. दादाभाऊ स्टुलावर बसून म्हणाले, “वैनी, त्या कॉम्प्युटरात म्हणं तुमच्या घरातल्या बाईचं नाव आलंय. साऱ्या जगाच्या. आमच्या गुरुजींनी मोबाईलवर दावलं, पर माझा चष्मा न्हवता. मी म्हणलं, त्या वर्कशॉपच्या वैनींचंच आसंल. दुसरं कुणाचं असणार?”

गोकुळचा हात थांबला. त्यानं वर बघितलं नाही.

हो म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. नाव होतंच की. शिवाय दादाभाऊंचा चष्मा नव्हता.

“न्हाई,” मी म्हटलं. “आमच्या धाकटीचं हाय ते. प्रांजलचं. समदं तिनं लिवलंय.”

“आसं व्हय,” दादाभाऊ म्हणाले. त्यांचा जरा हिरमोड झाल्यासारखा वाटला. “मंग तुमी?”

मी झाकण बसवलं आणि चारही स्क्रू आवळले.

“मी तपासलं,” मी म्हटलं आणि डबा त्यांच्यापुढं सरकवला.